विचारायचं कोणी

माणसाला देवावाचून उत्तम जगता येतं, हे रामहरीनं स्वतःच्या आयुष्यानं सिद्ध केलं होतं. भाद्रपदातले तीन दिवस सोडून. त्या तीन दिवसांत घरी महालक्ष्म्या असायच्या, आणि घरी महालक्ष्म्या असताना नास्तिक राहायचं म्हणजे पुरणपोळीला नाही म्हणायचं. एवढा कडवेपणा त्याच्यात नव्हता. म्हणून तो ते तीन दिवस आपल्या विचारांना किरकोळ रजेवर पाठवायचा. पूजेच्या खोलीत जायचा नाही, हात जोडायचा नाही, पण पंगतीला बसायचा. बाकी वर्षभर त्याची हजेरी चोख. परभणीत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तो सहायक होता. शेतकरी पिशवीत बांधून काळी आई घेऊन यायचे. रामहरीच्या टेबलावरून परत जाताना तिचा सामू, नत्र, स्फुरद आणि पालाश निघालेलं असायचं, आणि आई तेवढी निघालेली नसायची. ज्याच्या एका नावात दोन देव कोंबलेले आहेत, त्या माणसानं याहून जास्त काय करावं.

त्या दिवशी सकाळी तो पुढच्या खोलीत दिवाणावर बसून बुटाची लेस बांधत होता, आणि माय पुढच्या खोलीत आली. धक्का एवढाच, पण माय पुढच्या खोलीत येत नसे. दीड वर्षापूर्वी बाप, मुंजाजी, गेला आणि रामहरीनं आईला, सारजाबाईला, देवगाव फाट्याच्या आतल्या गावातून उचलून वसमत रोडवरच्या या घरात आणली. तेव्हापासून ती मागच्या खोलीत होती. शिलाई मशीन, जास्तीच्या गाद्या, कूलर आणि माय. दिलं ते खायची. विचारलं तर 'हूं' म्हणायची. डॉक्टरांनी सगळं तपासून, बाईंना काहीही झालेलं नाही, असं सांगितलं होतं आणि रामहरीला पहिल्यांदाच एखाद्या तपासणीच्या निकालाचा राग आला होता. आता ती उभी होती, हातात जुन्या लुगड्याचं फडकं, फडक्यात धरलेला पत्र्याचा डबा. डबा तिनं दिवाणावर ठेवला, फडकं अलगद सोडवून घेतलं, आणि आपलं बोट कुठं पत्र्याला लागलं नाही ना ते पाहिलं. प्रयोगशाळेत तीव्र आम्लाची बाटली असंच कोणी धरलं तर रामहरी त्याला शाबासकी देत असे.

"हे तुझ्या बायकूला दे," ती म्हणाली. "मुखवटे हायेत. यंदा तिनं आनायच्या. मी काई हात लावनार न्हाई."

"का म्हणून?"

"का म्हनून काय इचारायलास? तुझा बाप हाय का आता?"

रामहरीनं लेस ओढली. बाप नव्हता हे त्याला माहीत होतं.

"अन् दारात उभं ऱ्हाऊन इचारायचं असतंय ना, ते तुझ्याकडं. घरचा कर्ता तू हाईस."

एवढं बोलून ती आत गेली. या घरात आल्यापासूनचं तिचं ते सर्वांत लांब भाषण होतं आणि त्यात तिनं स्वतःला घरातून काढून टाकलं होतं. रामहरीनं उजव्या बुटाची लेस बांधली. डावी बांधायची राहिली, हे त्याला स्कूटरवर कळलं, आणि मग दिवसभर डाव्या पायात काहीतरी सुटल्यासारखं वाटत राहिलं.

महालक्ष्म्या सगळीकडे येतात, पण प्रत्येक घरात वेगळ्या येतात. अंगणातल्या तुळशीपासून दोन बायका दोन मुखवटे घेऊन निघतात, ताट वाजतं, पावलांवर पाऊल टाकत त्या घरात शिरतात. इतर घरांत काय विचारायचं ते बायकाच एकमेकींना विचारतात आणि बायकाच सांगतात. रामहरीच्या घरात मात्र घरचा पुरुष उंबऱ्याच्या आत उभा राहतो आणि विचारतो: कोण आलं? मुखवटा धरलेली म्हणते, महालक्ष्मी आली. तो विचारतो, कशाच्या पावलांनी आली? ती म्हणते, हळदीकुंकवाच्या पावलांनी आली. मग तो पुढं, ती मागं, असं सगळं घर फिरायचं. जिथं थांबलं तिथं त्यानं विचारायचं, इथं काय हाय? चुलीपाशी तिनं म्हणायचं, अन्नपूर्णेचं भांडार. गोठ्यात म्हणायचं, गाईवासरांचं गोकुळ. कणगीपाशी, धान्याची रास. हे असं का, याचं उत्तर घराण्यात कोणाकडे नव्हतं. पूर्वी कोणा खापरपणज्याला बायकोवर भरवसा नसावा, असा रामहरीचा अंदाज होता. आणि आता या प्रश्नांची जबाबदारी त्याच्यावर आली होती. सिग्नलला थांबल्यावर त्यानं ओठ न हलवता एकदा म्हणून पाहिलं, कोण आलं? शेजारच्या ऑटोवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले असावेत.

प्रयोगशाळेत तो परीक्षानळीत मातीचं पाणी ढवळत होता आणि मनात घराचा जुना सोपा ढवळला जात होता. मुंजाजी आणि सारजाबाई जन्मात कधी भांडले नाहीत. भांडायला बोलावं लागतं. नवरा-बायकोनं चारचौघांत बोलू नये ही त्या पिढीची रीत, आणि घरात चारचौघं कायम. सासरा, दीर, सालगडी, आला-गेला. मग ते कमी होत गेले, पण सवय राहिली. दोघं हातभर अंतरावर बसलेली असायची आणि बाप म्हणायचा, "रामहरी, तुझ्या मायला म्हन, भाकरी झाली का." माय तव्यावरून मान न वळवता म्हणायची, "तुझ्या बापाला म्हन, हात धू." रामहरी मध्ये बसून काहीही न बोलता मान इकडून तिकडे वळवायचा, निरोप पोचला असं धरलं जायचं. त्याचं बालपण म्हणजे एक टपालखातं होतं. अकरावीला तो परभणीला शिकायला आला तेव्हा त्याला इतर पोरांसारखी आईबापाची आठवण आली नाही. काळजी वाटली की आता मध्ये कोण. दिवाळीला गेला तर बाप मांजराला म्हणत होता, "ये, तिला म्हन, पावनं येनार हायेत." मांजर झोपलं होतं. पाहुणे आले तेव्हा चहा तयार होता.

आणि वर्षातून एकदा, एका संध्याकाळी, ती दोघं समोरासमोर उभी राहायची. बाप धुतलेल्या धोतरात, खांद्यावर उपरणं, उंबऱ्याच्या आत. माय हिरव्या लुगड्यात, हातात मुखवटा, उंबऱ्याच्या बाहेर. बाप तिच्याकडं बघून विचारायचा. तिच्याचकडं. माय त्याच्याकडं बघून सांगायची. मांजर नाही, रामहरी नाही. पाठ झालेली वाक्यं, दरवर्षी तीच. पण लहानपणी रामहरी ती ऐकताना खांबामागं जायचा, जसं एखाद्यानं चुकून दुसऱ्याच्या खोलीत डोकावावं.

मग ते कोरडं वर्ष आलं. रामहरी तेरा वर्षांचा होता. ज्वारी पेरली ती उगवली नाही, उगवली ती पोटऱ्यात आली नाही. महालक्ष्म्या मात्र वेळेवर आल्या. दारात झालं, चुलीपाशी झालं, गोठ्यात उरलेल्या एका गाईपाशी गोकुळ झालं, आणि मिरवणूक कणगीपाशी थांबली. बापानं विचारलं, "इथं काय हाय?" माय म्हणाली, "धान्याची रास हाय." इथून पुढं जायचं असतं. बाप गेला नाही. तो तिथंच उभा राहिला आणि जे पाठात नव्हतं ते त्यानं विचारलं, "लय हाय का?" ताट वाजवणारी चुलती थांबली. माय म्हणाली, "पुरंल." बाप म्हणाला, "पुरंल म्हनतीस?" माय म्हणाली, "म्हनते की." आणि बाप हसला. रामहरीनं बापाला हसताना पाहिलं, आणि सगळी पुढं गेल्यावर मागं राहून कणगीत हात घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. बोटांना तळाचं शेण लागलं, कोरडं. कणगीत काही नव्हतं. म्हणजे ही दोघं खोटं बोलली. देवीसमोर, ताट वाजवून. त्याचा नास्तिकपणा तिथं जन्माला आला. पुढं कॉलेजात त्यावर पुस्तकांचे संस्कार झाले, पण जन्म कणगीतला. त्या दिवशी नेमकं कोण कोणाशी खोटं बोललं, हा प्रश्न मात्र त्यानं कधी तपासायला घेतला नव्हता. अडतीस वर्षं तो नमुना तसाच बांधून ठेवला होता. आता हातातली नळी ढवळता ढवळता त्याला वाटलं की बापाला कणगीचा तळ माहीत होता. रोज तोच तर ज्वारी काढून द्यायचा. मग त्यानं विचारलं कशाला?

"साहेब, पाणी सांडायलंय," शेजारचा शिपाई म्हणाला. सांडत होतं.

संध्याकाळी तो महारुद्र सरांकडे गेला. महारुद्र सर हे शहरातल्या बुद्धिवादी मंडळाचे अध्यक्ष. मंडळात पाच सभासद होते. त्यातला एक गेल्या वर्षी वारला आणि त्याचा दहावा मंडळाच्या उपस्थितीत झाला, कारण त्याच्या बायकोपुढं बोलायची मंडळाची टाप नव्हती. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "तुला पूजा करायची आहे का? नाही. आरती? नाही. फक्त प्रश्न विचारायचेत. आणि बुद्धिवाद म्हणजे दुसरं काय? प्रश्न विचारणं! बिनघोर विचार. फक्त उत्तरावर विश्वास ठेवू नको."

"पण सर, माझा प्रश्न मायचा आहे. ती मुखवट्याला हात लावणार नाही म्हणती. विधवा झाली म्हणून."

"हे तर निषेधार्हच आहे. तिला समजावून सांग. शास्त्रशुद्ध." सर त्याला दारापर्यंत सोडायला आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आंबील करायलेत ना यंदा? डबा पाठव. मागल्या वर्षी तुमच्या दुखवट्यात आमचाही उपास झाला."

शास्त्रशुद्ध समजावणं त्याच संध्याकाळी झालं. रामहरी मागच्या खोलीत गेला, मशीनच्या स्टुलावर बसला. माय पलंगावर भिंतीकडं तोंड करून वाती वळत होती. वाती वळायला विधवेला मनाई नसावी. वरचा पंखा खडखडत होता. त्यानं सुरुवात स्त्री-पुरुष समानतेपासून केली, मध्ये कायदा घेतला, गावोगावच्या ग्रामसभांनी केलेले ठराव सांगितले आणि शेवटी म्हणाला की खुद्द देवी बाई आहे, तर एका बाईनं हात लावला म्हणून दुसरीला विटाळ कसा होईल? बोलता बोलता आपला आवाज शेतकरी मेळाव्यातला झाला आहे हे त्याला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं.

मायनं वात पुरी केली. "झालं का?"

"झालं."

"तू देव मानतूस का?"

"नाही."

"मग देवाचं मला कशाला शिकवायलास? मी तुला मातीचं शिकवते का?"

रामहरी स्टुलावर बसून राहिला. नियम मोडायचा तर आधी तो नियम आपला असावा लागतो. बाहेर उभं राहून दुसऱ्याच्या घराची भिंत पाडता येत नाही. मायचं पाठमोरं डोकं लहान झालं होतं. मान केवढीशी. त्याला वाटलं, ही बाई एकेक वस्तू परत करत चालली आहे. आधी गावचं घर, मग बोलणं, आज मुखवटे. उद्या ताटाला म्हणेल हे तुमचं, परवा पलंगाला. कोणी काही हिसकावत नाही, ही स्वतःच फडक्यात धरून पुढच्या खोलीत आणून ठेवते. आणि तिचा आवाज, वर्षातून एकदा समोरासमोर उभा राहणारा तो आवाज, तो तर आता कोणाला ठाऊकही नव्हता, रामहरी सोडून. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता. नास्तिक रडत नाहीत असं काही नाही, पण लाकडं, गोवऱ्या, पाहुणे यांत राहून गेलं होतं. आता पंख्याच्या खडखडाटात त्याच्या नाकात काहीतरी चुरचुरलं. तो शिंकल्यासारखं करून बाहेर आला.

"समजावलं?" स्वयंपाकघरातून द्वारकानं विचारलं. द्वारका त्याची बायको. तिची श्रद्धा कधी रजेवर जात नसे.

"तूच सांग की मायला. तू सांगितलं तर ऐकेल."

"मी कशी सांगू? उद्या काही झालं तर सगळे मलाच म्हणतील, हिनं केलं. आत्याबाईंचं जाऊ द्या, तुमचं काय ते सांगा. विचारणारात ना? का दारात उभं राहून भाषण करणारात?"

"विचारतो."

"टोपी घाला. मामंजी उपरणं घ्यायचे, तुमच्याकडं ते नाही."

"टोपी कशाला आता?"

"नास्तिकाला डोकं नसतं का?"

पलीकडं त्यांची लेक सृष्टी मोबाईलवर फार्मसीचं काहीतरी पाठ करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, टोपी घाला. फोटो चांगला येतो." सृष्टीचा देवावर परीक्षेच्या काळात विश्वास असे, आणि निकालानंतर तो निकालावर अवलंबून असे. घरातली सर्वांत नियमित भूमिका तीच, असं रामहरीला अधूनमधून वाटायचं.

आवाहनाच्या दिवशी त्यानं खरोखरची किरकोळ रजा घेतली. दुपार कलली. पुढच्या खोलीत लोखंडी कोठ्यांना साड्या नेसवून झाल्या होत्या. बिनडोक्याच्या दोन बायका मखरात ताठ उभ्या होत्या आणि त्यांच्याकडं पाहिलं की रामहरीला उगाच नजर वळवावीशी वाटत होती. फाटकापासून मखरापर्यंत सृष्टीनं पावलांचे स्टिकर चिकटवले होते, तयार मिळतात ते. एक पाऊल उलटं लागलं होतं, म्हणजे लक्ष्मी मध्येच एकदा परत गेल्यासारखी दिसत होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. रामहरी उंबऱ्याच्या आत उभा राहिला. टोपी नवी, कडक, कपाळाला टोचणारी. बाहेर कुंडीतल्या तुळशीपाशी द्वारका आणि सृष्टी, हातात एकेक मुखवटा. मुखवटे मातीचे, पाथरीच्या कुंभारानं कधीकाळी केलेले, दर दोन-चार वर्षांनी रंग दिलेले. थोरलीच्या नाकावरचा टवका रंगातूनही दिसायचा. सृष्टीनं दुसऱ्या हातात चमचा धरला होता आणि काखेत ताट. तिनं ते कसंबसं वाजवलं. दोघी उंबऱ्यापाशी आल्या. रामहरीनं टोपी सारखी केली. चारशे शेतकऱ्यांपुढं खतांच्या मात्रा सांगणारा माणूस तो. त्यानं घसा खाकरला.

"इथं काय आहे?"

"अहो, आधी 'कोण आलं'," द्वारका दातांतल्या दातांत म्हणाली.

"हो. कोण आलं?"

"महालक्ष्मी आल्या, ज्येष्ठा-कनिष्ठा आल्या, सोन्यामोत्यांच्या पावलांनी आल्या."

हे उत्तर द्वारकाच्या माहेरचं होतं, जिंतूरकडचं. आणि त्यात दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर येऊन गेल्यामुळं रामहरीकडं विचारायला काही उरलं नाही. तो वळला आणि चालू लागला. स्वयंपाकघरात पहिली वस्तू लागली. तो थांबला.

"इथं काय आहे?"

द्वारका गोंधळली. माहेरी चूल होती, कोठी होती. "फ्रिज," ती म्हणाली.

सृष्टीला हसू फुटलं. ताट खाली पडून फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि ते थांबल्यावरच्या शांततेत मागच्या खोलीतून आवाज आला.

"फ्रिज काय? दुधातुपाचे रांजन म्हन."

"दुधातुपाचे रांजण आहेत," द्वारका घाईनं म्हणाली.

"अन् सोन्यामोत्याच्या न्हाई. आपल्यात हळदीकुंकवाच्या अस्तेत."

"बरं, आत्याबाई."

"राम्या, बाप तुझा सावकाश चालायचा. तू काय बस गाठायलास?"

रामहरी थांबला. दाराची फट रुंदावली होती. फटीत मायचा अर्धा चेहरा, एक डोळा. तो डोळा मुखवट्यांवरून फिरला आणि वटारला.

"आगं माझे बाई! धाकटीला म्होरं आन् थोरलीला मागं? कुणी शिकवलं तुमाला? अन् तोंड भाईर करून धरलंय पोरीनं! लक्ष्मी घरात येयलीय का घरातून चाललीय?"

दार उघडलं. माय बाहेर आली. एवढ्या तडक आली की तिचा पदरही सावरलेला नव्हता. सृष्टीच्या हातून तिनं थोरलीचा मुखवटा काढून घेतला, सहज, पोराच्या हातून कोयता घ्यावा तसा. तोंड आत वळवलं, दोन्ही तळवे खाली लावले, अंगठे कानांमागं. पन्नास वर्षांची ती पकड. "असं. बघ, असं धरायचं." आणि मग तिच्या लक्षात आलं. रामहरीला ते लक्षात येताना दिसलं. खांद्यांना आधी कळलं, मग मानेला, मग चेहऱ्याला. नियमापुढं तिनं मान तुकवली होती, पण चूक तिला सोसली नाही. आता हातात देवी होती आणि ठेवायला जागा नव्हती. द्वारका रामहरीकडं बघत होती. सृष्टी रामहरीकडं बघत होती. कर्ता तो होता. त्याच्याकडं समानतेवरचं सगळं भाषण तयार होतं, आणि त्यातला एक शब्द इथं चालणार नाही हेही त्याला कळत होतं. ती मुखवटा परत सृष्टीकडं देऊ लागली, बोटं सुटायला लागली.

तो उलटा चालत गेला. उंबऱ्यापाशी जाऊन, आत तोंड करून उभा राहिला. "माय, इकडं," तो म्हणाला. ती का आली कोण जाणे. हातात थोरली होती आणि मखराच्या बाजूला पाऊल टाकायचं तिचं धाडस होत नव्हतं, म्हणून असेल. त्याच्या शेजारून ती बाहेर ओट्यावर गेली आणि वळली. तोही वळला. तो आत, ती बाहेर. मध्ये उंबरा. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिच्याचकडं.

"कोण आलं?"

आवाज त्याचा नव्हता असं म्हणायला हरकत नाही, पण त्याचाच होता. फक्त प्रयोगशाळेतला नव्हता. रस्त्यानं एक गॅसची गाडी गाणं वाजवत गेली.

"कोन म्हनून काय इचारायलास, दिसना का?" ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

इथं ती अडली. रामहरीलाही तेव्हाच कळलं की ती इथं अडणार. हळदीकुंकू हा शब्द तिच्या तोंडाशी आला आणि तिथंच थांबला. ओठ नुसते मिटले-उघडले. द्वारका पुढं होऊन सांगणार होती, रामहरीनं हातानं थांबवलं. तो उभा राहिला. बाप कणगीपाशी उभा राहिला होता तसाच असेल कदाचित. त्याला दिसत नव्हतं. मायनं खाली पाहिलं. खाली तिचे पाय होते, भेगाळलेले, आणि त्यांच्याखाली सृष्टीचा स्टिकर.

"आपल्या पायानं आली," माय म्हणाली.

हे पाठात नव्हतं. कोणी हसलं नाही. सृष्टीनं ताट उचललं आणि वाजवलं, या वेळी जोरात. माय आत आली, तिच्यामागं धाकटीला घेऊन द्वारका, आणि रामहरी सगळ्यांच्या पुढं, सावकाश. गॅसच्या शेगडीपाशी अन्नपूर्णेचं भांडार झालं. तांदळाच्या पिंपापाशी धान्याची रास झाली. धुण्याच्या यंत्रापाशी तो सवयीनं थांबला, तर माय म्हणाली, "हितं काई नस्तंय, म्होरं चल." मागच्या खोलीच्या दारात तो थांबला. ही खोली खापरपणज्याच्या यादीत नव्हती. गाद्या, कूलर, मशीन, पलंगावर अर्धवट वळलेल्या वाती.

"इथं काय हाय?" त्यानं विचारलं. हाय म्हणाला, हे त्याचं त्यालाही नंतर कळलं.

मायनं खोलीकडं पाहिलं, जणू दुसऱ्या कोणाची. "हितं मी ऱ्हाते."

"काही कमी हाय का?"

ताट वाजायचं थांबलं.

"पंखा लय वाजतोय," माय म्हणाली. "डोळा लागू देत न्हाई मेला. कवाचं सांगीन म्हनते. अन् वरनाला लसूण घालीत न्हाईत तुमच्यात."

"माझ्या ध्यानात नाही आलं, आत्याबाई," द्वारका म्हणाली.

"तुला न्हाई, ह्याला सांगायलेय. इचारलं म्हनून सांगितलं."

रामहरीनं मान हलवली. टोपीखाली घाम आला होता. त्याला कणगीपाशी हसलेला बाप समजला असं म्हणणं धाडसाचं होईल. एवढंच कळलं की पाठातले प्रश्न संपल्यावर जो प्रश्न सुचतो त्याच्यासाठी आधीचे सगळे विचारत यावे लागतात. हे शास्त्रशुद्ध आहे का, हे मंडळात काढायला हवं होतं. काढलं असतं तर सरांनी चष्मा पुसला असता. देवी आहे की नाही, या मुद्द्यावर त्याच्या मतात तसूभरही फरक पडला नव्हता. ती नव्हती, आणि ती मायच्या हातात होती, आणि माय बोलत होती. तिघी मखराकडं वळल्या. माय धाकटीला कुठं, थोरलीला कुठं ते सांगू लागली, द्वारकाला म्हणाली साडीच्या निऱ्या उजवीकडं नको होत्या, सृष्टीला म्हणाली ते उलटं पाऊल आदी काढ. तेवढ्यात शेजारून, गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "नळ आले! ओ, नळ आले!"

सगळं घर एक क्षण थांबलं. नळ रोज येत नाहीत, आणि आले की कोणासाठी थांबत नाहीत. द्वारकानं सासूकडं पाहिलं. नियम सासूचे होते.

"आदी पानी भरा," सारजाबाई म्हणाली. "ह्या कुठं पळून जायल्यात का?" आणि तिनं थोरली रामहरीच्या उजव्या हातात दिली, द्वारकाकडची धाकटी घेऊन डाव्या हातात दिली. "धर. खाली टेकवू नको. जाग्यावर बसल्याबिगर भुईला लावायच्या नस्तेत."

"माय, मी?"

"मग काय, पानी भरनारास का?"

तिनं पदर खोचला आणि मागच्या दारानं गेली. तिच्यामागं द्वारका, तिच्यामागं सृष्टी. रामहरी मखरापुढं उभा राहिला, दोन्ही हातांत दोन तोंडं. मातीच्या मानानं जड होती. रंगाला तेलाचा वास होता, खाली कुठंतरी जुन्या धुपाचा. थोरली त्याच्याकडं बघत होती, म्हणजे तिचे डोळे तसे काढलेले होते. नाकाच्या टवक्यातून आतली माती दिसत होती. चिकण, चुनखडीची, बहुधा गोदावरीकाठची. सामू आठच्या आसपास असावा. पाच मिनिटांत मनगटं दुखू लागली, दहा मिनिटांत खांदे. टोपी खाली सरकून भुवईवर आली आणि ती वर करायला हात नव्हता. मागून मायचा आवाज येत होता, सगळ्यांना नावानं, थेट, मध्ये कोणाला न घेता. द्वारके, पाइप धर. सृष्टे, ती कळशी न्हाई, पिंप आन. मोटर लाव की, बघत काय बसलीस? मग मोटर लावल्याचा खट्ट आवाज आला आणि पुढं काहीच आलं नाही.

मोटर जळालेली होती. बादल्यांनी भरायला पाऊण तास लागला.